मस्टरवरची बाई आणि जाहिरातीतली बाई



नांदेडजवळ विष्णुपुरीच्या विद्यापीठात भरलेल्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. वेळ थोडा आहे आणि विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थेट विषयाकडे वळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर जाहिरातींनी कमावत्या बाईचं चित्र कसं काढलं, आणि कुठल्या कमावत्या बाईचं चित्र काढलंच नाही, याबद्दल मी बोलणार आहे.

हा विषय काढला की सगळ्यांना एकच चित्र आठवतं. डोक्याला लाल रुमाल, बाही वर सारलेली, दंड वाकवून उभी राहिलेली अमेरिकन कामगार तरुणी. ते जे. हॉवर्ड मिलर यांनी वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी काढलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते कंपनीच्या आपल्याच कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. हजर कामगारांचा उत्साह टिकावा, कामात खंड पडू नये, एवढाच त्याचा हेतू. बाहेरच्या जगाला ते युद्धकाळात दिसलंच नाही म्हटलं तरी चालेल. ते घरोघर पोचलं चाळीस वर्षांनी, स्त्री-चळवळीने ते उचललं तेव्हा. युद्धकाळात लाखो घरांत गेलं ते दुसरंच चित्र. २९ मे १९४३ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेलने काढलेली रोझी नावाची धिप्पाड कामगार बाई, मांडीवर रिव्हेट मारायचं यंत्र ठेवून जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाणारी, पायाखाली हिटलरचं पुस्तक. आणि १९४५ नंतर? कारखान्यांतून बायकांना घरी पाठवलं गेलं, आणि ज्या पानांवर त्या यंत्रांपाशी उभ्या होत्या त्याच पानांवर त्या फ्रिज आणि शेगडीपाशी हसताना दिसू लागल्या. बेटी फ्रीडनने १९६३ मध्ये आपल्या पुस्तकात याचा हिशेब मांडला आणि त्यात जाहिरातदारांना एक संपूर्ण प्रकरण दिलं. अमेरिकेची गोष्ट इथेच थांबवते. ती वारंवार सांगितली गेली आहे. आपली सांगायची राहिली आहे.

जाहिरात वाचताना मी एकच प्रश्न विचारते. या चित्राचे पैसे कोणी मोजले, आणि त्याला बाईकडून काय हवं होतं, तिचे श्रम की तिची खरेदी? श्रम हवे असतील तर ती काम करताना दिसते. खरेदी हवी असेल तर तिचे हात मोकळे आणि नितळ दिसतात. आणि दोन्हीसाठी तिची मनधरणी करायची गरजच नसेल, म्हणजे ती परिस्थितीमुळे कामावर येणारच असेल आणि तिच्या गाठीला विकत घ्यायला पैसा नसेल, तर ती कुठेच दिसत नाही. आपल्या मुलखातली बहुसंख्य कमावती बाई या तिसऱ्या रांगेत आहे.

आपल्याकडे बाईच्या श्रमांसाठी जाहिरात झाली नाही असं नाही. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने विमेन्स ऑक्झिलरी कोअर उभारली. टेलिफोन, सांकेतिक संदेश, गाड्या चालवणं, कोठारं, कचेरीतलं लिखाणकाम यांसाठी बायका हव्या होत्या. त्यासाठी भित्तिपत्रकं निघाली, वर्तमानपत्रांत आवाहनं आली. ऐन भरात या दलात साडेअकरा हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या. नौदलाची शाखा १९४४ मध्ये वेगळ्या नावाने उभी राहिली आणि तिच्यातल्या कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या. स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या गोदीतलं त्यांचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं. साडी हाच नौदलाचा गणवेश, आणि शेजारी ब्रिटिश सहकारी स्त्री. मला ते छायाचित्र आवडतं. पण ते आवाहन कोणाला होतं हे नीट पाहा. इंग्रजी येणाऱ्या, शाळा-कॉलेज केलेल्या, शहरातल्या मुलींना. त्यांना घरातून बाहेर काढायचं तर त्यांची आणि त्यांच्या वडिलांची समजूत घालावी लागत होती. म्हणून चित्र काढावं लागलं.

आता याच वर्षांतली दुसरी भरती बघा. जमिनीखालच्या खाणीत बायकांना उतरवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय करार १९३५ मध्ये झाला होता. हिंदुस्थानात १९३७ पासून तशी बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला, पुरुष मजूर लष्करी बांधकामांकडे वळले, कारण तिथे मजुरी जास्त होती. मग १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठवली. बंगाल-बिहारबरोबर मध्य प्रांतातही. पेंच खोरं, चांदा जिल्हा, हा सगळा मध्य प्रांताचा खाणपट्टा. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, आपल्यापासून ते काही फार लांब नाही.

फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर वाद झाला. रेणुका राय यांनी स्त्रियांच्या वतीने सरकारला जाब विचारला. उत्तर द्यायला उभे होते मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोनच महिने आधी ते धनबादला जाऊन खाण पाहून आले होते. हा निर्णय त्यांनी आनंदाने घेतलेला नव्हता. युद्धाची निकड म्हणून, तात्पुरता, असंच त्यांनी मांडलं. पण त्याच उत्तरात त्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं. खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात मान्य होण्याची ही पहिलीच वेळ असावी. खाणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत सुधारला गेला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली आणि त्या बायका वर आल्या. त्यांचं पुढे काय झालं, समान दामाच्या त्या तत्त्वाचं काय झालं, हा एका प्रबंधाचा विषय आहे. इथे बसलेल्या कोणीतरी तो घ्यावा.

मुद्दा असा की खाणीत उतरलेल्या एकाही बाईसाठी भित्तिपत्रक निघालं नाही. मालकाला गरजच नव्हती. बंदी उठल्याचं ठेकेदाराने सांगितलं की दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बाई हजर. टेलिफोनवरची मुलगी आणि कोळशाची टोपली उचलणारी बाई, दोघी एकाच सरकारच्या एकाच युद्धासाठी राबत होत्या. एकीचं चित्र देशभर लागलं. दुसरीचं नाव फक्त मस्टरवर राहिलं, तेही अंगठ्यासकट.

आता खरेदीच्या बाजूला येते. इथे मला लीला चिटणीस यांच्यापाशी थोडं थांबायचं आहे. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. तोवर या साबणासाठी हॉलिवूडच्या नट्यांचे चेहरे वापरले जात. युद्ध चालू असताना, त्यांचे 'कंगन' आणि 'बंधन' हे चित्रपट गाजत असताना, धारवाडच्या मराठी घरात वाढलेल्या या बाईंचा चेहरा साबणाच्या कागदापर्यंत पोचला. आता त्यांचं आयुष्य पाहा. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. स्वतः पदवीधर. लवकर लग्न झालं, चार मुलगे झाले, पुढे नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांना वाढवण्यासाठी शाळेत शिकवलं, 'नाट्यमन्वंतर'च्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या, आणि सिनेमात आल्या त्या अगदी गर्दीतल्या कामांपासून. म्हणजे चार मुलांचं घर एकहाती चालवणारी, रोज वेळेवर कामाला जाणारी बाई. १९३७ मध्ये 'जंटलमन डाकू'त त्यांनी पुरुषवेषात काम केलं, तेव्हा त्यांची जाहिरात झाली ती महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, कुलीन स्त्री अशी. पदवी विकली, कुलीनपणा विकला. चार वर्षांनी कांती विकली. कमाई मात्र कोणीच दाखवली नाही. चार मुलांचं पोट या चेहऱ्यावर चालतं, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट होती, आणि तिला जाहिरातीत जागा मिळाली नाही. युद्ध संपलं आणि १९४८ च्या 'शहीद'मध्ये त्या आई झाल्या, १९५१ च्या 'आवारा'त पुन्हा आई. चाळिशीच्या उंबऱ्यावरची ही बाई पुढची कित्येक वर्षं पडद्यावर खोकत, रडत, मुलाची वाट पाहत राहिली. जाहिरात असो की सिनेमा, बाईचं कमावतं वय त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र १९८१ मध्ये लिहिलं. जाहिरातीचा इतिहास शिकवणाऱ्यांनी ते अभ्यासाला लावावं, असं मला वाटतं.

त्यांच्याच शेजारी अभिनेत्री दुर्गाबाई खोटे. ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी दोन मुलगे, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'सारख्या चित्रपटांतली कमाई. दुर्गाबाईंनी १९५२ मध्ये स्वतःची चित्रसंस्था काढली. पुढे ती 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' झाली. तिने माहितीपट काढले, छोटे जाहिरातपट काढले, आणि १९८८ मध्ये 'वागळे की दुनिया' दूरदर्शनवर आणली. एक मराठी बाई कॅमेऱ्यामागे बसून जाहिरातींचा व्यवसाय करते, माणसं नेमते, पगार वाटते, ही पन्नाशीच्या दशकातली गोष्ट आहे. आपल्या जाहिरातींच्या इतिहासात ती एका ओळीत उरकली जाते.

साहित्याला ही कमावती बाई आधी दिसली होती, हे इथल्या मराठीच्या प्राध्यापकांना मी वेगळं सांगायला नको. मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं ते १९३३ मध्ये. शिकलेली, मिळवती मुलगी, आणि तिच्या पगाराच्या आशेने तिचं लग्न लांबवणारं घर. म्हणजे लक्सच्या त्या जाहिरातीच्या आठ वर्षं आधी मराठी वाचक मिळवत्या मुलीच्या दुःखावर भांडत होते. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं ते मुळात कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर द्यायला. पुढे त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' निघालं. म्हणजे मराठीत मासिक आणि जाहिरात एकाच छपराखाली वाढली. त्या काळचे अंक चाळताना मला नेहमी जाणवतं की एकाच अंकात दोन बायका राहतात. लेखांतली बाई शिक्षण, अर्थार्जन, घटस्फोट यांवर बोलते. पान उलटलं की जाहिरातीतली बाई केसांना तेल लावते, लुगड्याचे काठ दाखवते, बाळाला गुटी पाजते. संपादकाला वाचक हवी होती आणि जाहिरातदाराला गिऱ्हाईक. अभ्यासक मात्र फक्त लेखांची पानं वाचतात. जुन्या अंकांची बांधणी करताना जाहिरातींची पानं काढून टाकण्याची सवय तर अनेक ग्रंथालयांत होती. पुराव्याचा निम्मा भाग आपण रद्दीत घातला आहे.

मुंबईच्या गिरणीतल्या बाईचं काय झालं, तेही सांगते. विसाच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तर त्यांचीच वस्ती, कोकणातून, घाटावरून आलेल्या. नंतर यंत्रं बदलली, खाती आटली, बाळंतपणाच्या रजेचा खर्च नको म्हणून मालकांनी नवीन बायका घेणं कमी केलं, आणि सत्तरीच्या दशकापर्यंत हे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली उतरलं. नेमक्या याच वर्षांत गिरण्यांच्या जाहिरातींतली बाई मोठी मोठी होत गेली. व्हॉईलची साडी नेसलेली, केसांत फूल, नजर दूर कुठेतरी. गिरणीच्या कॅलेंडरांवर लक्ष्मी आली, सरस्वती आली. सूत गुंडाळणारी बाई ना साडीच्या जाहिरातीत आली, ना कॅलेंडरवर. त्या कॅलेंडरवाल्या चित्रकारांच्या हाताबद्दल मला फार आदर आहे, पण कागद कोणी विकत घेतला होता हे विसरून ती चित्रं वाचता येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर घरातली वस्तू मोठी झाली. शिवणयंत्र हे त्यातलं बोलकं उदाहरण. मराठवाड्यातल्या किती विधवा आणि टाकलेल्या बायकांनी शिवणयंत्रावर मुलं शिकवली, हे या सभागृहातल्या बहुतेकांना आपापल्या गल्लीतून माहीत आहे. बाईच्या हातात आलेलं, तिच्या मालकीचं, तिला पैसे मिळवून देणारं ते पहिलं यंत्र. आणि साठीच्या दशकातली एक प्रसिद्ध जाहिरात मात्र आईबापांना सांगत होती की मुलीला आदर्श गृहिणी करायचं तर यंत्र घ्या. प्रेशर कुकरच्या जाहिरातीने पुढे बायकोवरचं प्रेमच नवऱ्याच्या खरेदीला जोडलं. १९८४ च्या सुमाराला ललिताजी आल्या. सर्फच्या या बाईने भाजीवाल्याशी घासाघीस केली, दामाचा हिशेब मांडला, आणि मला ती आवडायची. घर चालवणं हे डोक्याचं काम आहे, हे तिने दाखवलं. पण ती भूमिका करणाऱ्या कविता चौधरी यांनी १९८९ मध्ये 'उडान' लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात पोलीस अधिकारी झाल्या. ती मालिका पाहून खेड्यापाड्यांतल्या मुली पोलिसात जायची स्वप्नं पाहू लागल्या. जाहिरातीत त्यांना साबणाच्या दामापर्यंतच जाता आलं होतं. पुढचा रस्ता त्यांना स्वतः काढावा लागला.

आणि लिज्जत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज त्या संस्थेत पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी आहेत, आणि त्या मजूर नाहीत, मालकीण आहेत. बायकांच्या सामूहिक मालकीचं यापेक्षा मोठं उदाहरण देशात दाखवणं कठीण आहे. पण दूरदर्शनच्या पिढीला लिज्जत म्हटलं की आठवतो जाहिरातीतला रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला, ससा. पाध्ये मोठे कलावंत, ससा खरोखर गोड. मला एवढंच वाटतं की त्या सात जणींची गोष्ट स्वतःच एवढी थोर होती की तिला पडद्यावर यायचा पहिला हक्क होता.

हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. मराठवाड्याचं काय? युद्धाच्या वर्षांत नांदेड, लातूर हा निजामाचा मुलूख. इथे मराठी वर्तमानपत्र चालवणंही सोपं नव्हतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' काढला तो पुण्यातून, आणि निजाम सरकारच्या बंदीला तोंड देत, नावं बदलून तो चालवावा लागला. पत्रावरच बंदी, तर जाहिरात कुठली? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपेपर्यंत इथल्या वाचकाने युद्धाची आणि साबणाची चित्रं पाहिली ती बाहेरून आलेल्या अंकांत नाहीतर हैदराबादच्या उर्दू पत्रांत. पण बायका कामावर होत्याच. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये, जिनिंगच्या कारखान्यांत रुई-सरकीच्या धुळीत, बिड्या वळताना, आणि शेतात तर सगळ्याच. त्यांचा काळ आपल्याला मस्टरवरून आणि तोंडी आठवणींवरूनच उभा करावा लागेल. उर्दू वाचता येणाऱ्या मराठी अभ्यासकांची इथे फार गरज आहे. या विद्यापीठाने ते काम हाती घेतलं तर राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाच्या आधी त्याचा अधिकार पोचतो.

१९७२ चा दुष्काळ आपल्या सगळ्यांच्या घरात शिल्लक आहे. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. खडी फोडणारी, माती वाहणारी, नालाबंडिंगवर राबणारी त्यातली केवढी तरी गर्दी बायकांची. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि कामाच्या मोजमापावर बाईला पुरुषाचाच दर मिळू लागला. याच काळात गावोगावच्या भिंतींवर सरकारने बाई रंगवली ती कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखालची, नवरा आणि दोन मुलांसह हसणारी. खडी फोडणाऱ्या बाईला सरकारने भिंतीवर आणलं नाही. ती आपणहून कामावर येत होती.

आणि आता कापूस. इथल्या कापूस संशोधन केंद्राचं 'नांदेड-४४' हे संकरित वाण १९८० च्या दशकात आलं आणि मराठवाडा-विदर्भातल्या लाखो एकरांवर पसरलं. संकरित बी कसं तयार होतं, हे शहरातल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, तिच्यातले पुंकेसर नखाने अलगद काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, खुणेसाठी रंगीत कागद लावायचा. दुसऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे. एकेक फूल, असे दोन महिने. जालना, देऊळगाव राजाकडच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर याला 'क्रॉसिंग' म्हणतात आणि ते करतात बहुतांशी बायका आणि मुली. नजर आणि बोटांचं एवढं कसब दुसऱ्या फार थोड्या धंद्यांत लागत असेल. आजवर मी पाहिलेल्या बियाण्याच्या पिशव्यांवर पांढरीशुभ्र बोंडं होती, पागोटं बांधलेला शेतकरी होता, वाघ होता, देव होता. क्रॉसिंग करणारी बाई एकाही पिशवीवर मला दिसली नाही. निंदणी तिची, वेचणी तिची, बी तिच्या नखांतून आलेलं. पण बी विकत घ्यायला कृषी केंद्रात जातो तो पुरुष, आणि सातबारा त्याच्या नावावर. जाहिरातदाराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं आहे. राग आपल्याला सातबाऱ्याचा यायला हवा.

स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ चा. जाहिरात मानक परिषदेने लिंगभेदी साच्यांबद्दल नियम केले ते २०२२ मध्ये. दोन्ही हवेत. पण दोन्ही चित्रात असलेल्या बाईबद्दल बोलतात. चित्रात नसलेल्या बाईची तक्रार कुठल्या अर्जावर करायची?

म्हणून तीन कामं मी या अधिवेशनापुढे ठेवते आणि त्यांचा ठराव व्हावा अशी अध्यक्ष म्हणून विनंती करते. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी जुन्या नियतकालिकांची जाहिरातींची पानं यापुढे फाडू नयेत, आणि उरली असतील त्यांची छायाप्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावी. माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, बिडीबंडलांचे कागद, यात्रेतले फलक, एसटी स्थानकावरच्या आणि गावातल्या भिंतींवरच्या जाहिराती यांची गाव आणि साल लिहून छायाचित्रं घ्यावीत. पाऊस आणि नवा रंग, दोघंही त्या भिंतींची वाट पाहत नाहीत. आणि तिसरं काम सगळ्यात निकडीचं. उस्मानशाही मिलमध्ये, जिनिंगमध्ये, बहात्तरच्या खडीवर ज्या बायका होत्या त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने या दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावातल्या निदान पाच जणींचं बोलणं नोंदवून घ्यावं. कुठल्या खात्यात होतात, हजेरी कोण घ्यायचं, पगार किती, तो हातात कोणाच्या पडायचा, आणि त्या पैशातून स्वतःसाठी पहिली वस्तू कोणती घेतलीत, हे प्रश्न त्यांना विचारा. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात तो आपल्या हाती येईल. त्यात भर घाला, खोडा, आणि संध्याकाळपर्यंत पक्का करून द्या.